भीति वाटावी असे चित्रपट

मराठी घरांतून भुताखेतांच्या गोष्टी सांगण्याची एक ठराविक रीत होती. सांगणारी आजी असो कीं कोंकणांतून आलेला मामा असो, विहिरीवरच्या हडळीचें रूप कधीं सविस्तर वर्णिलें जात नसे. तिचीं पावलें उलटीं असतात, एवढें एक वाक्य पुरे होई. उरलेलें काम मंदावलेला कंदील, वाऱ्यानें वाजणारें कवाड आणि ऐकणाऱ्या पोरांचें मन हीं मिळून करीत. दुसऱ्या दिवशीं त्या विहिरीकडे फिरकणें नको वाटे. पण नेमकें भ्यावयाचें कशाला, हें कोणालाहि सांगतां येत नसे.

चित्रपटाची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. ती कलाच मुळीं दाखविण्याची. पडद्यावर कितीहि अंधार पसरला तरी त्या अंधारांतून शेवटीं कांहींतरी पुढें आणावेंच लागतें, आणि जें डोळ्यांना नीट दिसलें त्याचें भय ओसरूं लागतें. खरोखर भीति वाटेल असा एखादा चित्रपट सांगा, असें कोणी म्हटलें म्हणजे ज्यांत सर्वांत अधिक रक्त सांडतें, किंवा ज्यांत घटकाघटकेला मोठा आवाज करून प्रेक्षकाला दचकविलें जातें, अशांचीं नांवें बहुधा पुढें येतात. परंतु दचकणें हा कानाचा व्यापार आहे आणि किळस हा पोटाचा. दोन्ही प्रेक्षागृहाच्या दाराशींच संपतात. जें भय प्रेक्षकाबरोबर घरीं येतें आणि दिवा मालवतांना आठवतें, तें उत्पन्न करणारे चित्रपट थोडेच आहेत. त्यांचा इतिहास पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. न दाखवितां भिवविण्याची युक्ति त्यांतील अनेकांना केवळ प्रतिभेनें सुचलेली नव्हती. ती त्यांच्या गळ्यांत येऊन पडली होती. कोणापाशीं पैसा नव्हता, कोणावर सेन्सॉरची कात्री चालली, कोणाला धन्याच्या हट्टापुढें वाट काढावी लागली.

या इतिहासाचा आरंभ पहिल्या महायुद्धांत पराभूत झालेल्या जर्मनींत होतो. १९२० च्या फेब्रुवारींत रॉबर्ट वीने या दिग्दर्शकाचा ‘डॉ. कॅलिगारी’ हा मूकपट बर्लिनमध्यें झळकला. जत्रेंत खेळ करणारा एक म्हातारा आणि त्याच्या पेटींत निजलेला, झोपेंत चालणारा तरुण, यांची ही कथा आहे. तिच्यांतील घरें कललेलीं, रस्ते वांकडे, खिडक्या त्रिकोणी. सांवल्यासुद्धां कापडावर रंगानें काढलेल्या. एक खून घडतो तो केवळ भिंतीवरील सांवल्यांच्या झटापटींत दिसतो. आजच्या प्रेक्षकाला हा चित्रपट भीतीपेक्षां कुतूहलच अधिक वाटेल. तरी भिंतीवरची ती झटापट विसरूं नये, कारण पुढील शंभर वर्षांचें मूळ तिच्यांत आहे.

‘कॅलिगारी’चें जग रंगविलेलें होतें, आणि रंगविलेल्या जगांतून प्रेक्षकाला सुखरूप बाहेर पडतां येतें. फ्रीडरिख मुर्नाऊ यानें ती वाट बंद केली. त्याचा ‘नोस्फेराटू’ ४ मार्च १९२२ रोजीं बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या संगमरवरी दिवाणखान्यांत प्रथम दाखविला गेला. यांतील गल्ल्या विस्मार आणि ल्युबेक या खऱ्याखुऱ्या बंदरांतल्या आहेत, आणि सरदार ओर्लोकचा गड म्हणून दिसतो तो स्लोव्हाकियांतील ओरावाचा खरा किल्ला आहे. माक्स श्रेक या नटानें उभा केलेला हा रक्तपिपासु सरदार टकला, उंदरासारख्या दातांचा, वाढलेल्या नखांचा आहे. पण संबंध चित्रपटांत तो फार थोडा वेळ डोळ्यांपुढें येतो. त्याच्या येण्याची चाहूल मात्र सारखी लागत राहते. सारे खलाशी मेलेलें एक गलबत शिडें फुगवून आपणहून बंदरांत शिरतें. त्यांतून उंदीर उतरतात. मग चिंचोळ्या गल्लींतून शवपेट्या खांद्यांवर घेतलेल्या माणसांची रांग निघते, आणि एक सरकारी नोकर दारोदार खडूनें खुणा करीत फिरतो. हें पाहणारे जर्मन प्रेक्षक १९१८ च्या इन्फ्ल्युएंझांतून नुकतेच बाहेर पडले होते. पुण्यामुंबईच्या ज्या घराण्यांत १८९७ च्या प्लेगाच्या हकीकती अजून सांगितल्या जातात, त्यांना उंदरांच्या त्या दृश्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. शेवटीं सरदार जिना चढतो तोहि सांवलीच्या रूपानेंच. नखांची ती सांवली निजलेल्या स्त्रीच्या हृदयावर येऊन मूठ आवळते. तेथें स्पर्श नाहीं, रक्त नाहीं, आवाज तर मूकपटांत नाहींच.

हा चित्रपट आज पाहतां येतो हाच एक योगायोग आहे. मूळ कथा ब्रॅम स्टोकर याच्या १८९७ त प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीची. स्टोकर १९१२ त वारला होता. पण त्याची विधवा फ्लॉरेन्स हयात होती. निर्मात्या प्राना कंपनीनें पात्रांचीं नांवें बदललीं, मात्र परवानगी घेतली नाहीं. फ्लॉरेन्सबाईंनीं न्यायालयांत दाद मागितली. कंपनी तोंवर बुडाली होती, तेव्हां पैसा मिळण्याची आशा नव्हती. १९२५ त जर्मन न्यायालयानें चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट कराव्या असा हुकूम दिला. कायद्यानें पाहतां बाईंचें म्हणणें अगदीं रास्त होतें, आणि तो हुकूम पुरतेपणीं अंमलांत आला असता तर भीतिचित्रांचा हा मूळपुरुष कायमचा नाहींसा झाला असता. कांहीं प्रती त्यापूर्वींच परदेशीं गेल्या होत्या. त्यांच्यावरून पुढें तो पुन्हां जुळविण्यांत आला. जातां जातां एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सूर्यप्रकाशानें रक्तपिपासु पिशाच्च नाश पावतें ही आतां सर्वतोमुखीं झालेली समजूत स्टोकरची नव्हे. कादंबरींतील ड्रॅक्युला दिवसां खुशाल हिंडतो. ही भर ‘नोस्फेराटू’ची आहे.

बोलपट आला आणि भीतीचा व्यापार अमेरिकेंत गेला. १९३१ त युनिव्हर्सल कंपनीनें ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाईन’ असे दोन बोलपट काढले. पहिल्याचा छायालेखक कार्ल फ्रॉइंड हा बर्लिनमध्यें मुर्नाऊबरोबर काम केलेला. त्यामुळें गडांतील आरंभीचा भाग आजहि पाहण्यासारखा आहे. पुढें तो दिवाणखान्यांतील नाटक होऊन बसतो. दुसरा अधिक मोलाचा. त्यांत बोरिस कार्लॉफनें केलेला, प्रेतांच्या अवयवांतून जोडलेला राक्षस तळ्याकांठीं एका लहान मुलीला भेटतो. ती पाण्यांत फुलें टाकून तीं तरंगतांना पाहत असते. तोहि फुलें टाकतो, आणि फुलें संपल्यावर भाबडेपणानें मुलीलाच पाण्यांत टाकतो. हें दृश्य फार क्रूर म्हणून कापण्यांत आलें. राक्षस मुलीकडे हात पसरतो येथेंच फीत तुटली, आणि त्यानंतर बाप तिचें कलेवर घेऊन गांवांतून चालतांना प्रेक्षकांना दिसला. मध्यें काय घडलें असेल याची ज्यानें त्यानें आपल्या मनाप्रमाणें कल्पना केली, आणि ती कल्पना कापलेल्या दृश्याहून कितीतरी भयंकर होती. कांहीं दशकांनंतर तो तुकडा पुन्हां जोडला गेला. आतां तें दृश्य पाहून कींव येते. भीति पूर्वीच्याच प्रतींत अधिक होती.

पुढच्याच वर्षीं डेन्मार्कच्या कार्ल ड्रायरनें ‘व्हॅम्पिर’ काढला. भिंगापुढें तलम जाळी धरून त्यानें सगळें जग धुक्यांत बुडविलें आहे. एका प्रसंगीं शवपेटींतील माणूस झांकणाच्या कांचेंतून आपलीच अंत्ययात्रा पाहतो, आणि कॅमेराहि त्या पेटींतच निजलेला असतो. कथा नीट समजत नाहीं, आणि तिनें कांहीं बिघडतहि नाहीं.

भीतिचित्रांची खरी शाळा मात्र १९४२ त निघाली, आणि ती निघाली कर्जबाजारीपणांतून. आर. के. ओ. ही हॉलिवुडची कंपनी तोट्यांत आली होती. तिनें व्हॅल ल्यूटन नांवाच्या गृहस्थाला हाताशीं धरलें. हा मूळचा रशियन, याल्टा येथें जन्मलेला, कादंबऱ्या लिहिलेला, पुस्तकांत रमणारा माणूस. त्याला घातलेल्या अटी अशा होत्या: चित्रपट सव्वा तासाच्या आंत असावा, खर्च दीड लाख डॉलरांच्या आंत, आणि नांव कंपनी ठरवील त्याप्रमाणें. पहिलें नांव आलें तें ‘कॅट पीपल’, म्हणजे मार्जारमानव. अशा नांवाखालीं दुसरा कोणी एखाद्या नटाला केसाळ कातडें चढवून मोकळा झाला असता. ल्यूटनपाशीं धड कातड्याइतकाहि पैसा नव्हता. त्यानें आणि दिग्दर्शक झाक तूर्नर यानें वाघीण न दाखविण्याचें ठरविलें.

कथेंतील इरेना ही सर्बियांतून आलेली तरुणी. मत्सर किंवा अनुराग अनावर झाला कीं आपलें श्वापद होतें, अशी तिला धास्ती. तिच्या नवऱ्याची मैत्रीण एका रात्रीं बागेच्या भिंतीकडेनें एकटी घरीं निघते. रस्त्यावर दिव्यांचीं वर्तुळें, मध्यें काळोख. मागून दुसऱ्या जोड्याची टापटाप येत असते. कांहीं वेळानें ती टापटाप थांबते. संगीत नाहीं, कोणी दिसत नाहीं. झाडाची एक फांदी हलते. मैत्रीण पळूं लागते, आणि एकाएकीं फिस्कारल्यासारखा आवाज होतो. तो असतो थांब्यावर येऊन उभ्या राहिलेल्या मोटारबसचा. प्रेक्षक दचकतो, मग सुटकेचा श्वास टाकतो. पण ती टापटाप कां थांबली हा प्रश्न तसाच राहतो. याच मैत्रिणीवर पुढें तळघरांतील पोहण्याच्या हौदांत प्रसंग येतो. ती पाण्यांत, छतावर पाण्याच्या लाटांचे कवडसे, आणि कोठून येते तें न समजणारी गुरगुर. श्वापद जवळजवळ कोठेंच दिसत नाहीं. कंपनीच्या आग्रहास्तव एका ठिकाणीं तें घालावें लागलें, तेथेंहि तें काळोखांतच ठेवलेलें आहे. त्या बसची युक्ति पुढें हजारों चित्रपटांनीं उसनी घेतली. आवाज घेतला, थांबलेलीं पावलें घेतलीं नाहींत. ल्यूटनचा ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’ हा १९४३ चा चित्रपटहि चुकवूं नये. तो स्वतः १९५१ त अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षीं वारला.

या शाळेचा धडा मोडला कीं काय होतें हें तूर्नरनेंच पुढें अनुभविलें. १९५७ त त्यानें इंग्लंडांत ‘नाइट ऑफ द डीमन’ काढला. तो सबंध संशयावर उभा आहे: शापाची चिठ्ठी खरी, कीं भोळ्यांचा भ्रम? पण त्यांत अक्राळविक्राळ राक्षस अगदीं आरंभींच उघडपणें दाखविला आहे. तो आपल्या इच्छेविरुद्ध घातला गेला, असें तूर्नरचें म्हणणें होतें. राक्षस दिसतो तेवढीं दोन ठिकाणें सोडलीं तर चित्रपट अप्रतिम आहे.

बर्लिनच्या त्या जर्मन उजेडअंधाराची एक शाखा मुंबईंतहि आली होती, हें फारसें ध्यानांत घेतलें जात नाहीं. म्यूनिकचा जोसेफ विर्शिंग हा छायालेखक १९२५ च्या ‘प्रेमसंन्यास’साठीं हिंदुस्थानांत आला, आणि १९३४ पासून मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्यें काम करूं लागला. दुसरें महायुद्ध सुरू होतांच शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला स्थानबद्ध करण्यांत आलें. सुटल्यानंतर तो पुन्हां कॅमेऱ्यामागें उभा राहिला, आणि १९४९ चा कमाल अमरोहींचा ‘महल’ त्यानेंच चित्रित केला. झुलणारीं झुंबरें, ओसाड जिने, झोपाळ्यावर दिसून न दिसणारी मधुबाला आणि दुरून जवळ येणारें लता मंगेशकरांचें गाणें. संगीतकार खेमचंद प्रकाश चित्रपट लागण्यापूर्वींच निवर्तले होते. पहिल्या तबकडीवर गायिकेचें नांवहि नव्हतें. कथेंतील ‘कामिनी’चें होतें. ‘महल’ भिववितो असें म्हणणें धाडसाचें होईल. तो हुरहूर लावतो. त्यानें हिंदी चित्रपटाला गाणाऱ्या भुताची संवय लावली, आणि तेथून ‘मधुमती’, ‘बीस साल बाद’, ‘वह कौन थी’ अशी मालिका सुरू झाली. गाणें गोड लागलें कीं भीति बसून तें ऐकूं लागते, ही त्या सर्वांचीच अडचण आहे.

ज्याला दोनच चित्रपट पाहण्याइतका वेळ आहे त्यानें मात्र १९६१ आणि १९६३ कडे वळावें. पहिला जॅक क्लेटनचा ‘द इनोसन्ट्स’, हेन्री जेम्सच्या १८९८ मधील कथेवर आधारलेला. एका प्रशस्त वाड्यांत दोन पोरकीं मुलें सांभाळावयास एक शिक्षिका येते. डेबोरा कर हिनें ती भूमिका केली आहे. वाड्यांत पूर्वीं असलेलीं आणि आतां मेलेलीं दोन माणसें तिला दिसूं लागतात. तीं मुलांनाहि दिसतात काय, कीं केवळ तिच्याच मनांत आहेत, हें शेवटपर्यंत उलगडत नाहीं. कंपनीनें रुंद पडद्याचा हट्ट धरला होता. दिग्दर्शकाला तो नको होता. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यानें भिंगापुढील कांचांच्या कडा रंगवून पडद्याच्या दोन्ही बाजू काळोखांत बुडविल्या, त्यामुळें प्रेक्षकाची नजर सारखी त्या कडांकडे जाते. पण खरें भय अंधारांत नाहींच. भर दिवसां, तळ्याच्या पलीकडे लव्हाळ्यांत, काळ्या वस्त्रांतील एक स्त्री नुसती उभी असते. ती कांहीं करीत नाहीं, जवळहि येत नाहीं. भीतिचित्रांत याहून शांत आणि याहून भयानक क्षण फार थोडे असतील.

दुसरा ‘द हाँटिंग’. त्याचा दिग्दर्शक रॉबर्ट वाइज हा ल्यूटनच्याच तालमींतला. दिग्दर्शनाची पहिली संधि त्याला ल्यूटननें १९४४ त दिली होती. शर्ली जॅक्सन या लेखिकेच्या १९५९ मधील कादंबरीवर हा चित्रपट आहे. चार माणसें एका अपकीर्ति झालेल्या घरांत राहावयास जातात, एवढीच गोष्ट. घराचीं बाहेरचीं दृश्यें डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या फिल्मवर घेतलीं आहेत, म्हणून भिंती आणि आकाश दोन्ही अनोळखी दिसतात. भूत एकदांहि दिसत नाहीं. रात्रीं लांबच्या दारावर धडक बसते, मग जवळच्या, मग खोलीच्या. आणि एकदां तर जाड लांकडी दार श्वास घेतल्यासारखें आंत फुगतें. एका रात्रीं एलिनोर अंधारांत शेजारणीचा हात घट्ट धरून पडलेली असते. कोणीतरी हात फारच आवळतें म्हणून ती ओरडते. दिवा लागतो, तों शेजारीण खोलीच्या दुसऱ्या टोंकाला. मग हातांत हात कोणाचा होता? वाइजनें उत्तर दिलेलें नाहीं.

आतां या सिद्धांताला एक मोठा अपवाद आहे, तो झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. विल्यम फ्रीडकिनच्या १९७३ मधील ‘द एक्सॉर्सिस्ट’मध्यें सर्व कांहीं दाखविलें आहे: पिशाच्चानें झपाटलेली बारा वर्षांची मुलगी, तिचा विद्रूप चेहरा, तिची भेसूर वाणी. तरीहि तो भिववितो. याचें कारण त्याच्या पूर्वार्धांत आहे. तेथें पिशाच्च नाहीं, रुग्णालय आहे. मुलीच्या मानेंत सुई घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलेली आई आहे. कित्येकांना तेंच दृश्य सर्वांत असह्य वाटतें. शास्त्राचीं सारीं दारें एकेक करून बंद झाल्यावरच धर्मगुरु दाराशीं येतो. लहान मुलांच्या आईबापांनीं हा चित्रपट पाहतांना थोडा विचार करावा.

जपानांत भुताची परंपरा जुनी. काबुकी रंगभूमीवर १८२५ पासून ओइवा ही विटंबना होऊन मेलेली स्त्री मोकळ्या केसांनीं सूड घेत आली आहे. हिदेओ नाकाता यानें १९९८ त ‘रिंगु’मध्यें तिलाच जणूं दूरदर्शनच्या पेटींत बसविलें. एक शापित व्हिडिओफीत. ती पाहणारा सात दिवसांनीं मरतो. विहिरींतून बाहेर येणाऱ्या त्या मुलीचा चेहरा केसांनीं झांकलेला आहे, आणि तिची चाल विचित्र वाटते, कारण नटीला उलट चालवून ती फीत उलट फिरविली आहे. उलट्या पावलांची हडळ ज्यांनीं लहानपणीं ऐकली आहे त्यांना ही ओळखीची वाटल्यावांचून राहणार नाहीं. नाकाताचा २००२ चा ‘डार्क वॉटर’ तर छतावरील पाण्याच्या एका वाढत जाणाऱ्या डागावर उभा आहे.

इकडे १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून रामसे बंधूंनीं थोड्या भांडवलांत भुतांचा मोठा कारखाना चालविला. त्यांचे चित्रपट करमणुकीचे आहेत, पण मुखवटा एकदां दिसला कीं काम संपतें. राम गोपाल वर्मा यांनीं २००३ च्या ‘भूत’मध्यें गाणीं गाळलीं आणि भूत ओसाड वाड्यांतून काढून मुंबईच्या उंच इमारतींतील घरांत आणलें, उद्वाहन हें त्यामुळें बराच काळ कित्येकांना नकोसें झालें असेल. परंतु मराठी प्रेक्षकाला सर्वांत जवळचा २०१८ चा ‘तुंबाड’. भाषा हिंदी, पण माती कोंकणची. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना त्याचें बीज नारायण धारपांच्या कथेंतून मिळालें, आणि नांव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. १९१८ ते १९४७ या काळांतील ही लोभाची कथा आहे, आणि तिच्यांत पाऊस थांबतच नाहीं. हस्तर हें दैवत पुढें दिसतेंच, आणि दिसल्यावर थोडें लहान होतें. आरंभींची साखळदंडांत जखडलेली म्हातारी मात्र तशी होत नाहीं. ती निजलेली असतांना घरांतली माणसें ज्या हलक्या पावलांनीं वावरतात, त्यांतच सर्व भय आहे.

यांपैकीं ‘नोस्फेराटू’ संगीतासह जुळविलेल्या प्रतींत पहावा. ‘कॅट पीपल’ सायंकाळच्या जेवणानंतर सव्वा तासांत आटोपतो, आणि वयांत आलेल्या मुलांबरोबर पाहण्यास हरकत नाहीं. ‘द हाँटिंग’ मात्र रात्रीं, दिवे मालवून आणि बारीक आवाजहि ऐकूं येईल अशा खोलींत पहावा; दुपारीं पानावर बसून पाहिल्यास त्यांत एक जुनें घर आणि चार माणसें यांवांचून कांहींच दिसणार नाहीं.